स्कॉचचा वारसा, मोहाचा गुन्हा

आपल्या लिखाणात मोहाची दारू येते ती आबकारीच्या धाडीपुरती: एवढा सडवा नष्ट, एवढी भांडी जप्त. गाळणाऱ्याचं कसब कुठेच नाही. पांढुर्णा-सौंसरवर लिहिताना मीही हेच केलं.

इंजिनिअर म्हणून सांगतो, स्कॉचची तांब्याची भट्टी आणि मोहाची भट्टी, तत्त्व एकच: आंबवा, तापवा, वाफ थंड करा. उलट बार्लीला आधी मोड आणून स्टार्चची साखर करावी लागते. मोहफुलात ती तयारच असते. स्कॉच मात्र निदान ३ वर्षं ओकच्या पिंपात मुरते, मोहाची ताजीच पितात.

खरा फरक कायद्याने पाडला. स्कॉटलंडातही चोरून गाळत. १८२३ च्या कायद्याने कर उतरला, परवाना स्वस्त झाला. १८२४ मध्ये ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथने तो घेतला. आपल्याकडे इंग्रजांनी ठेके लिलावात काढले आणि गोंडांची घरची भट्टी गुन्हा ठरली.

आता मध्य प्रदेश सरकार मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ म्हणतं. चांगलंच आहे, पण बाटलीच्या लेबलवरून गाळायची रीत कळत नाही. व्यसनाने घरं बसली, तेही लिहूच. पण जप्तीच्या नोंदींशेजारी जाणत्या म्हाताऱ्यांची रीतही मंडळाने उतरवून घ्यावी, ते आहेत तोवर.