मर्यादित गतिशीलता आणि ग्रामीण मागणी : भ्रमणध्वनी मानकांच्या स्पर्धेची चिकित्सा (सिद्धगड परिसराच्या विशेष संदर्भात)

जागतिकीकरणाच्या कालखंडात तंत्रज्ञानाची निवड बाजारपेठच करते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. भारतातील जीएसएम व सीडीएमए या मानकांच्या स्पर्धेला हे गृहीतक कितपत लागू पडते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

प्रारंभीच्या भ्रमणध्वनी परवान्यांनी जीएसएम हेच मानक ठरवून दिले होते. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणानंतर हे बंधन शिथिल झाले. जानेवारी २००१ मध्ये केंद्र शासनाने स्थिर दूरध्वनीच्या परवानाधारकांना ‘मर्यादित गतिशीलते’ची मुभा दिली. तिचा लाभ प्रामुख्याने सीडीएमए कंपन्यांना झाला. स्वस्त व ग्रामीण दूरध्वनी हे तिचे समर्थन होते. कमी शुल्कात मागील दाराने प्रवेश, हा जीएसएम कंपन्यांचा आक्षेप होता.

या वादात ग्रामीण ग्राहकाचे नाव सतत घेतले गेले. त्याच्या गरजेचा विचार मात्र झाला नाही. गतिशीलतेची मर्यादा म्हणजे स्थानिक आकारणी क्षेत्र, ग्रामीण भागात साधारणतः एक तालुका. सिद्धगड मुरबाड तालुक्यात आहे. मुरबाड, शेजारचे शहापूर आणि कल्याण यांचे एसटीडी संकेतांक भिन्न आहेत. मुरबाडला रेल्वे नाही. मोठी बाजारपेठ व रुग्णालये यांसाठी कल्याण गाठावे लागते. म्हणजे दूरध्वनीची सर्वाधिक निकड जेथे भासते, नेमकी तेथेच ही सवलत संपत होती. याउलट ‘०२२’ संकेतांकाच्या मुंबईकरास जवळजवळ संपूर्ण महानगर मोकळे होते. खेड्याच्या नावाने दिलेली सवलत अशा रीतीने शहरालाच अधिक उपयुक्त ठरली.

ही सीमा ग्रामीण मागणीमुळे पुसली गेली नाही. दूरसंचार न्यायाधिकरण व सर्वोच्च न्यायालय यांतील दीर्घ वादानंतर नोव्हेंबर २००३ मध्ये एकीकृत परवाना आला. स्पर्धेमुळे दर घसरले, हे श्रेय नाकारता येत नाही. जुलै २००३ मधील रिलायन्सची ५०१ रुपयांची योजना त्याची साक्ष आहे. परंतु सीडीएमए संच बहुधा कंपनीशी बांधलेला असे, तर जीएसएममध्ये सिमकार्ड बदलता येई. पुढे सीडीएमए मागे पडले आणि २०१७ पर्यंत देशातील त्याची प्रमुख सेवा संपुष्टात आली.

सह्याद्रीच्या खोऱ्यात डोंगर आड आला की दोन्ही मानके सारखीच निष्प्रभ ठरतात. तेथे प्रश्न मनोऱ्याचा असतो. सार्वत्रिक सेवा निधी २००२ पासून अस्तित्वात असला, तरी भ्रमणध्वनीसाठी त्याचा मार्ग २००६ च्या कायदादुरुस्तीनंतरच खुला झाला.

सारांश, मानकाचा निर्णय परवाने, न्यायालये व भांडवल यांनी घडविला. प्रादेशिक मागणी ही त्या निर्णयाची सबब ठरली, आधार नव्हे. ग्रामीण हिताच्या नावाने होणाऱ्या प्रत्येक धोरणाची सीमा प्रत्यक्षात कोठे आखली आहे, हे प्रथम तपासणे म्हणूनच आवश्यक ठरते.