फॉल्ट कोडला ‘लेबल’ म्हणण्याआधी

पीएचडीची तयारी करणाऱ्यांकडून हा प्रश्न मला वरचेवर येतो: “डेटासेट मिळालाय, त्यात फॉल्ट कोडही आहेत. म्हणजे लेबलची सोय झालीच ना?” नाही झाली. माझा स्वतःचा पहिला प्रस्ताव नेमका इथेच आपटला, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी यंत्र बघू. आपण ज्याला सरसकट पोकलेन म्हणतो तो एक्स्कॅव्हेटर (पोक्लेन ही मुळात एक फ्रेंच कंपनी, पण आपल्याकडे कुठल्याही कंपनीचं मशीन पोकलेनच). त्याला आपण बकेट लावतो, नाहीतर रॉक ब्रेकर. त्यात इलेक्ट्रॉनिक्स सहसा नसतंच. मी शिकते त्या स्वीडनमध्ये मात्र टिल्टरोटेटर सर्रास दिसतो. आर्म आणि बकेटच्या मध्ये बसणारी ही अटॅचमेंट बकेटला गोल फिरवते आणि बाजूला कलवतेही. नव्या टिल्टरोटेटरमध्ये बऱ्याचदा सेन्सर आणि स्वतःचा कंट्रोलर असतो. तो केबिनमधल्या कंट्रोलरशी कॅन बसवरून बोलतो, कधी मशीनच्याच बसवर, कधी वेगळ्या. कॅन ही बॉश कंपनीने १९८६ मध्ये मांडलेली पद्धत: पिळलेल्या दोन तारा आणि त्यांवर लटकलेले सगळे कंट्रोलर. जड यंत्रांमध्ये त्यावर बहुतेक वेळा एसएई जे१९३९ हे मानक चालतं.

आता या मानकातली कोडची यादी एखादा लेख वाचावा तशी वाचून बघा. प्रत्येक कोडमध्ये दोन मुख्य आकडे असतात. एसपीएन म्हणजे कशाबद्दल तक्रार आहे, आणि एफएमआय म्हणजे तक्रार कोणत्या प्रकारची आहे. एफएमआय ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे कमी, ५ म्हणजे करंट कमी किंवा सर्किट उघडं. ही झाली मोजमापाची भाषा, इथवर ठीक. पण ९ म्हणजे निरोप ठरलेल्या वेळेत येत नाहीत आणि १९ म्हणजे नेटवर्कवरून आलेल्या डेटात चूक आहे. इथे बोलणारा बदलला, हे लक्षात आलं का? ९ नंबर लिहिणारा कंट्रोलर स्वतःबद्दल काहीच सांगत नाहीये. “मला अमक्याचं ऐकू येत नाही,” एवढंच तो म्हणतोय. समोरचा गप्प आहे, की मधली तार तुटली आहे, की ऐकणाऱ्याचाच कान गेलाय, हे त्याला कळायला मार्ग नाही. आणि आपण त्या ओळीपुढे लेबल लावतो: “अटॅचमेंट कंट्रोलर खराब.”

मानकावर माझा राग नाही. त्याच यादीत ११ नंबर आहे, त्याचा अर्थच मुळी “मूळ कारण माहीत नाही” असा आहे. यादी करणाऱ्यांना आपली मर्यादा ठाऊक होती. विसरतो ते आपण, कोड एक्सेलमध्ये उतरवताना.

गप्प बसलेला कंट्रोलर तर बऱ्याचदा निर्दोष असतो. निरोप पाठवताना चूक झाली की तो आपल्या मोजणीत साधारणपणे ८ मिळवतो, नीट गेला की १ वजा करतो. मोजणी २५५ च्या पुढे गेली की तो स्वतःहून बसवरून बाजूला होतो, बाकीच्यांचं बोलणं बिघडू नये म्हणून. म्हणजे खराब तारेपायी शहाण्यासारखा बाजूला झालेला कंट्रोलरच आपल्या डेटासेटमध्ये आरोपी ठरतो!

जुन्या मशीनमध्ये आणखी एक भानगड. जे१९३९ च्या साठवलेल्या कोडच्या निरोपात, म्हणजे डीएम२ मध्ये, प्रकार आणि किती वेळा घडलं एवढंच येतं. केव्हा घडलं आणि तेव्हा कोणती अटॅचमेंट लावलेली होती, ते येत नाही. काही उत्पादक आपल्या पद्धतीने तासांची नोंद ठेवतात, पण ती त्यांच्याच सॉफ्टवेअरमधून दिसते. तुम्ही वाचताय तो कोड आधीच्या मालकाच्या, केव्हाच विकून टाकलेल्या अटॅचमेंटचाही असू शकतो.

“मग मल्टिमीटर लावा,” असं कुणी म्हणेल. मशीन बंद करून डायग्नॉस्टिक सॉकेटच्या सी आणि डी पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजायचा. बसच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात, म्हणून ६० यायला हवा. १२० आला तर एका टोकाचा संपर्क गेला. ४० आला तर कुणीतरी तिसरा रेझिस्टर घुसवलाय. जुन्या मशीनमध्ये हे सहज होतं: आधीच्या मालकाने अटॅचमेंट काढताना हार्नेसवर वेगळा रेझिस्टर लावलेला असतो आणि नवा मालक आतच रेझिस्टर असलेली अटॅचमेंट जोडतो. चाचणी चांगलीच आहे, पण शिकवताना तिची आंधळी बाजू कोणी सांगत नाही. अटॅचमेंट मुख्य तारेच्या टोकाला नसून मधून फुटलेल्या फांदीवर असेल, तर त्या फांदीची तार पूर्ण तुटली तरी मीटर ६०च दाखवतो. शिवाय मोजताना मशीन उभं असतं. आर्मच्या सांध्यापाशी घासलेली तार आर्म पूर्ण लांबवल्यावरच उघडते, तेव्हा मीटर हातात कुणाच्या असतो?

ट्रॅक्टरवाल्यांनी यातला एक भाग सोडवलाय. आयएसओ ११७८३, म्हणजे आयसोबस, यात मागच्या औजाराच्या सॉकेटमध्येच टोकाचं टर्मिनेशन असतं आणि प्लग घातला की ते आपोआप बाजूला होतं. एक्स्कॅव्हेटरच्या अटॅचमेंटसाठी इतका सर्वमान्य सॉकेट नाही. त्यामुळे कुठल्या जोडणीत काय लपलंय, ते प्रत्येक मशीनवर नव्याने शोधावं लागतं.

आता पेपर वाचताना काय बघायचं? दोष कसा निर्माण केला, हे आधी बघा. प्रयोगशाळेत स्विचने तार तोडली असेल, तर ते मॉडेल स्विच ओळखायला शिकलंय. दमट, गंजलेल्या पिना असं स्वच्छ वागत नाहीत. मग लेबल कुठून आलं ते बघा. कोडवरून आलं असेल, तर मॉडेल तक्रारदार ओळखतं.

मी प्रस्तावात शहाणपणा करून लिहिलं होतं की लेबल दुरुस्तीच्या नोंदीवरून घेईन: जो भाग बदलल्यावर कोड थांबला, तो भाग दोषी. ऐकायला बिनतोड वाटतं ना? एका यार्डातल्या इलेक्ट्रिशियनने ते वाचून एवढंच विचारलं, “कंट्रोलर बदलताना कनेक्टर काढून परत लावला की नाही?” अर्थात लावला. काढ-घाल करताना पिना घासून साफ होतात, संपर्क परत येतो, आणि श्रेय नव्या कंट्रोलरला जातं. खातरी करायची तर जुना कंट्रोलर परत बसवून बघायला हवा. पण मशीनचं दिवसाचं भाडं बुडत असताना ते कोण करतं? मला महिनाभर वाईट वाटलं. मग एक पूर्ण प्रकरण काढून टाकलं.

आता माझ्या तक्त्यात चार जादा रकाने आहेत: कोड कुणी लिहिला, तेव्हा आर्म कुठे होता, कोणती अटॅचमेंट लावलेली होती, आणि जुना भाग परत बसवून पाहिला का. चौथा रकाना जवळजवळ सगळीकडे रिकामा आहे.