वर्तुळे आहेत, बाण कुठे आहेत?

घरातील मारहाणीची कारणे समजावताना एक आकृती जगभर वापरली जाते. तिच्यात एकात एक अशी चार वर्तुळे असतात. सर्वांत आत व्यक्तीची जडणघडण, मग घर, मग वस्ती आणि सर्वांत बाहेर समाज. स्त्रियांवरील हिंसेसाठी ही मांडणी लोरी हाइसी यांनी १९९८ मध्ये केली. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या हिंसाविषयक अहवालातही अशीच मांडणी आली.

या आकृतीचे मोल मोठे आहे. ‘दारू पितो म्हणून मारतो’ अशा एककारणी उत्तरांतून तिने आपल्याला बाहेर काढले. दारू पिणारे सगळेच बायकोला मारत नाहीत आणि न पिणारेही मारतात. लहानपणी पाहिलेली मारहाण, पैशावरचा ताबा, शेजाऱ्यांची भूमिका, पुरुषपणाच्या कल्पना यांचा एकत्र विचार करायला तिने शिकवले.

तरीही प्रणालीविज्ञानाच्या कसोटीवर ती अपुरी ठरते. प्रणाली म्हणजे घटकांची यादी नव्हे. एका घटकाचा दुसऱ्यावर झालेला परिणाम फिरून पहिल्यावर कसा येतो, हे तिचे मर्म आहे. स्नेहसंमेलनात ध्वनिक्षेपक मध्येच कर्कश शिट्टी मारतो. कर्ण्यातला आवाज माइकमध्ये शिरतो, वाढून कर्ण्यातून बाहेर पडतो आणि पुन्हा माइकमध्ये शिरतो. माइक आणि कर्णा वेगवेगळे तपासले तर दोष कशातच सापडणार नाही. याला वर्धक प्रत्याभरण म्हणतात.

हिंसेतही असा फेरा असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. याच सर्वेक्षणात, हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी मदत मागणाऱ्या केवळ १४ टक्के होत्या. बाई गप्प राहते, शेजारी ‘त्यांच्या घरातली गोष्ट’ म्हणून दार लावून घेतात, मारणाऱ्याला जाब विचारला जात नाही, आणि हे पाहून दुसरी बाईही गप्प राहते. हे बाण वर्तुळांत दिसत नाहीत.

बाण काढले की फेरा कुठे तोडायचा ते कळते. युगांडातील कंपाला शहरात ‘सासा!’ या उपक्रमात वस्तीतल्याच स्त्री-पुरुषांनी शेजारीपाजारी चर्चा घडवल्या. आठ वस्त्यांतील तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. उपक्रमाच्या वस्त्यांत वर्षभरातील शारीरिक हिंसा ५२ टक्के कमी आढळली. वस्त्या थोड्या असल्याने या आकड्यात अनिश्चितता बरीच आहे. मात्र हिंसा रास्त मानणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण घटले, हा निष्कर्ष अधिक भक्कम आहे.

मोजमापही बदलावे लागते. गावात मदतकेंद्र उघडले की तक्रारी वाढतात. ती हिंसेतली वाढ असेलच असे नाही. मौन तुटल्याची ती खूण असू शकते. कमी तक्रारी म्हणजे चांगले काम असे ठरवले, तर तक्रार न नोंदवण्याकडेच कल वाढेल.

प्रणालीविचारालाही एक धोका आहे. कौटुंबिक समुपदेशनात तो आला तेव्हा नवऱ्याचे मारणे आणि बायकोचे बोलणे ही एकाच फेऱ्याची दोन टोके मानली जाऊ लागली. मार खाणारीला दोषात वाटेकरी करणाऱ्या या विचारावर मिशेल बोग्राड यांनी १९८४ मध्ये टीका केली. ती रास्त होती. फेरा समजून घेतला म्हणून हात उगारणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही. घरात सत्ता कोणाची, हा बाणही आकृतीत हवाच.

वर्गात ही वर्तुळे जरूर काढावीत, पण बाण विद्यार्थ्यांना काढू द्यावेत. ‘शेजारी गप्प राहिले तर पुढे काय होईल?’ एवढा प्रश्न सुरुवातीला पुरेसा आहे. स्वतःच्या घरचे मात्र कोणालाही विचारू नये. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी हे रोज घडत असेल. तास संपल्यावर ते मूल बोलायला आले, तर त्याचे ऐकून घेणारा शिक्षक आणि १०९८ हा बालमदतीचा क्रमांक त्याला मिळायला हवा. फेऱ्यातला मौनाचा दुवा तिथे तुटू शकतो.