प्रदर्शनातला पाइप आणि बरणीतला पुदिना

शालेय विज्ञान प्रदर्शनांचे परीक्षक म्हणून दादर, परळ, गिरगाव भागात फिरताना एक प्रतिकृती आम्हांला अलीकडे हमखास भेटते. पांढरा पीव्हीसी पाइप, त्याला ओळीने भोके, भोकांत जाळीचे पेले, पेल्यांत लेट्युसची रोपे आणि खाली घुरघुरणारा छोटा पंप. वर फलक : ‘मातीविना, रसायनमुक्त शेती’. आम्ही विचारतो, पाण्यात काय घातले आहे? उत्तर येते, “ए बाटली आणि बी बाटली.” दोन बाटल्या का, एकच का नाही? इथे मुले शिक्षकांकडे पाहतात आणि शिक्षक आमच्याकडे.

दोष मुलांचा नाही. बाजारात मिळणारे संच आणि त्यांच्याबरोबरची माहितीपत्रके यांवर आमचा आक्षेप आहे. हायड्रोपोनिक्स, म्हणजे क्षारांच्या द्रावणावर वनस्पती वाढवणे, हे तर रसायनांचेच काम. त्याला ‘रसायनमुक्त’ म्हणणे ही थट्टा झाली. कीटकनाशक वापरले नाही, एवढेच म्हणायचे असेल तर तसे लिहावे. दोन बाटल्यांचे कारणही सोपे आहे. एकीत कॅल्शियम नायट्रेट असते, दुसरीत सल्फेट व फॉस्फेट. ही दाट द्रावणे एकत्र ओतली की जिप्सम आणि कॅल्शियम फॉस्फेट यांचा पांढरा साका तळाशी बसतो, आणि तो मुळांच्या उपयोगाचा नसतो. परीक्षानळीत दोन मिनिटांत दाखवता येईल अशी ही गोष्ट. माहितीपत्रकात मात्र ‘एकत्र करू नये’ एवढीच आज्ञा.

संच महाग पडतो म्हणून काही शाळा खतांच्या दुकानातले १९:१९:१९ पाण्यात मिसळतात. त्यात नत्र, स्फुरद, पालाश आहेत; पण कॅल्शियम नाही आणि मॅग्नेशियमही सहसा नसते. शिवाय नत्राचा मोठा भाग युरियाच्या रूपात असतो. जमिनीत जिवाणू युरियाचे अमोनियम व नायट्रेट करून देतात. नव्या स्वच्छ बरणीत ते काम करायला फारसे कोणी नसते. मुंबईचे तलावांचे पाणी मृदू, त्यामुळे कॅल्शियमची उणीव नळही भरून काढत नाही. कोवळ्या पानांची टोके जळतात आणि निष्कर्ष निघतो, ‘आमच्याकडे हायड्रोपोनिक्स जमत नाही’.

खरे तर पाण्यावर रोप वाढवण्याची ही युक्ती शेतीसाठी निघालीच नव्हती. ती प्रश्न विचारण्यासाठी निघाली. १६९९ मध्ये जॉन वुडवर्ड या इंग्रज अभ्यासकाने पुदिन्याच्या जातीची रोपे पावसाच्या, थेम्स नदीच्या आणि हाइड पार्कमधल्या पाटाच्या पाण्यात वाढवून तोलली. पाटाच्या पाण्यात बागेची माती कालवली तेव्हा वाढ अधिक झाली. वनस्पती पाण्याची नव्हे, मातीची बनते, असा निष्कर्ष त्याने काढला. तो चुकला, पण त्याचा तराजू चुकला नव्हता. १८६० च्या सुमारास जर्मनीत साक्स आणि क्नोप यांनी मोजून घेतलेल्या क्षारांवर रोपे वाढवली. मग एकेक क्षार वगळायचा आणि रोपाचे काय होते ते पाहायचे, ही रीत पडली. कोणते मूलद्रव्य वनस्पतीला आवश्यक, हे आपण या रीतीने शिकलो.

शेतीची हाक पुढे कॅलिफोर्नियात गेरिके यांनी १९२९ पासून दिली. पंचवीस फूट उंच टोमॅटोंच्या वेली पाहून वर्तमानपत्रे हरखली. ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव १९३७ चे. त्याच विद्यापीठातील होगलंड आणि आर्नन यांनी १९३८ च्या पुस्तिकेत मात्र बजावले की परिस्थिती सारखी ठेवली तर चांगल्या जमिनीपेक्षा द्रावणातले पीक काही सरस येत नाही. ती पुस्तिका प्रत्येक संचाबरोबर द्यायला हवी, असे आम्हांला वाटते.

आता आपल्या घरांकडे येऊ. गिरगावच्या चाळीतल्या गॅलरीला ऊन मिळते ते दिवसाचे दोन-तीन तास. लालबाग-परळमध्ये गिरण्यांच्या जागी मनोरे उठले आणि त्यांच्या सावलीतल्या खिडक्यांचे तेवढेही ऊन गेले. द्रावण कितीही अचूक असो, प्रकाशाची जागा ते घेऊ शकत नाही. दुसरी अडचण उष्णतेची. २० अंश सेल्सियसला एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना साडेसात. मे महिन्यात गॅलरीतल्या पाइपमधले पाणी याहून गरम होते, मुळे गुदमरतात आणि कुजतात. थंड हवेतले लेट्युस इथे का लावायचे? तलावात वाढणारी नाळीची भाजी अधिक शहाणी. तिसरी अडचण डासांची. महापालिकेचे कीटकनाशक विभागाचे कर्मचारी मनीप्लांटच्या बाटल्या तपासतात ते उगाच नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. माहितीपत्रकांत यावर आम्हांला एक ओळही आढळलेली नाही.

म्हणून पंप बाजूला ठेवा. दादरच्या मंडईतून पुदिन्याची ताजी जुडी आणा आणि सारख्या काड्या निवडून साध्या पाण्यात मुळे फुटू द्या. मग चार बरण्या. पहिलीत नुसते नळाचे पाणी. दुसरीत क्नोपचे द्रावण : लिटरला कॅल्शियम नायट्रेट ०.८ ग्रॅम, पोटॅशियम नायट्रेट, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट व मॅग्नेशियम सल्फेट प्रत्येकी ०.२ ग्रॅम, आणि लोहाच्या क्षाराचा अंश. प्रत्येक क्षार आधी वेगळा विरघळवून भरपूर पाण्यात मिसळावा. तिसरीत दोन्ही नायट्रेटांऐवजी कॅल्शियम व पोटॅशियम यांची क्लोराइडे, म्हणजे नत्र वगळला. चौथीत लोह वगळले. बरण्यांना काळा कागद गुंडाळा, नाहीतर शेवाळ माजेल. तोंडाशी कापसाचा घट्ट बोळा, म्हणजे डास आत जाणार नाही. मुळांचा वरचा भाग हवेत राहू द्या आणि द्रावण दर आठवड्याला बदला.

नत्राविना खालची जुनी पाने आधी पिवळी पडतील, कारण रोप त्यांतला नत्र काढून शेंड्याकडे पाठवते. लोहाला असे हलवता येत नाही. तिथे शेंड्याची नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतील. मात्र पहिले दोन आठवडे काडीतल्या साठ्यावर चारही रोपे सारखीच टवटवीत राहण्याची शक्यता आहे. तेव्हा तीन-चार आठवडे रोजची नोंद ठेवावी आणि नुसत्या पाण्यातली बरणी हिरवी दिसते म्हणून वही मिटू नये.