‘जर–तर’ची रचना आणि फलनात्मक भाषांची शुद्धता : एक चिकित्सा

संगणकाच्या प्रोग्रॅमिंग भाषांत ‘जर–तर–नाहीतर’ या रचनेला इतर फलनांपेक्षा वेगळा नियम का लागतो? ‘आनुषंगिक परिणाम टाळण्यासाठी’ असे उत्तर बहुधा दिले जाते. हे उत्तर चुकीचे नसले तरी अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

या प्रश्नाचे मूळ जॉन मॅकार्थी यांच्या अनुभवात सापडते. 1957–58 मध्ये एमआयटी येथे बुद्धिबळाच्या नियमांचे प्रोग्रॅम फोरट्रानमध्ये लिहिताना त्यांनी ‘एक्सआयएफ’ हे फलन तयार केले. अट तपासून दोन मूल्यांपैकी एक देणे, हे त्याचे काम. परंतु ते सामान्य फलन असल्याने त्यात प्रवेश करण्यापूर्वीच तिन्ही पदांची मूल्ये काढली जात. त्यामुळे ते जपून वापरावे लागे, असे त्यांनी लिस्प भाषेच्या 1978 मधील इतिहासात नमूद केले आहे. यातूनच निवडलेल्याच विकल्पाचे मूल्य काढणारी खरी सशर्त पदावली जन्मास आली आणि 1960 च्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधात ती पायाभूत ठरली.

येथे दोन प्रकारची हानी वेगळी करणे आवश्यक आहे. जतसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यातील उदाहरण घेऊ. ‘तलावात पाणी असेल तर पंप सुरू करा, नाहीतर टँकर मागवा.’ दोन्ही विकल्प आधीच अमलात आले तर पंपही चालू होईल आणि टँकरही येईल. हा आनुषंगिक परिणामाचा दोष होय. आता क्रमगुणिताची व्याख्या पाहू. संख्या शून्य असेल तर 1, नाहीतर ती संख्या गुणिले तिच्याहून एकने लहान संख्येचे क्रमगुणित. येथे जगात काहीही बदलत नाही. तरीही दोन्ही विकल्पांचे मूल्य काढू गेल्यास गणना शून्यापाशी न थांबता −1, −2 अशी अखंड चालू राहते. म्हणजे परिणाम पूर्णपणे वगळले तरी प्रश्न शिल्लक राहतोच.

हॅस्केल या 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भाषेने मूल्य गरजेपुरतेच काढण्याचा मार्ग स्वीकारला. त्यामुळे तेथे ‘जर’ हे साधे फलन म्हणूनही लिहिता येते. मात्र कोणते मूल्य केव्हा निघेल हे सहज सांगता येत नसल्याने परिणाम मूल्यांत मिसळणे अशक्य झाले. 1996 च्या 1.3 आवृत्तीपासून मोनॅडच्या आधारे ‘कृती’ हेच एक मूल्य मानले गेले. अशा व्यवस्थेत टँकर मागविण्याच्या कृतीचे वर्णन तयार झाले, तरी ती निवडली गेल्याखेरीज टँकर येत नाही.

यावरून शुद्धता हेच पूर्ण उत्तर आहे, असा समज होणे स्वाभाविक आहे. इड्रिस भाषा तो खोडून काढते. ती शुद्ध आहे, परंतु पदांची मूल्ये आधी काढते. म्हणूनच तिच्यातील ‘जर’ फलनाच्या दोन्ही विकल्पांवर, मूल्य लांबणीवर टाकावे, अशी खूण त्यांच्या प्रकारातच करावी लागते. परिणाम वेगळे काढल्याने टँकरचा प्रश्न सुटतो. क्रमगुणिताचा मात्र सुटत नाही.

सारांश, ‘काय करावे’ आणि ‘कशाचे मूल्य काढावे’ हे दोन स्वतंत्र निर्णय आहेत. मोनॅड पहिल्याला उत्तर देतो, तर विलंबित मूल्यमापन दुसऱ्याला. अध्यापनात या दोहोंची गल्लत झाल्यास विद्यार्थी परिणामरहित प्रोग्रॅमला आपोआप सुरक्षित मानू लागतो आणि न थांबणाऱ्या गणनेचे कारण भलतीकडेच शोधत राहतो. म्हणून आनुषंगिक परिणामांचे उदाहरण देण्यापूर्वी क्रमगुणिताचे उदाहरण शिकविणे अधिक युक्त ठरेल.