‘स्त्रीपुरुष तुलना’ : मोहाचा दोष कोणाचा?

प्रास्ताविक
स्त्री मोह पाडते व पुरुष मोहात पडतो, हे गृहीतक साहित्यात खोलवर रुजलेले आहे. उर्दू गझलेत माशूक जालीम, तर आशिक घायाळ असतो. मराठी शृंगारिक लावणीत स्त्रीची नजरच वार करते. दोन्हीकडे रचनाकार बहुधा पुरुष असून स्वतःच्या इच्छेची जबाबदारी तो समोरच्या व्यक्तीवर टाकतो. हे गृहीतक उलटे करणारा मराठीतील महत्त्वाचा निबंध म्हणजे ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुष तुलना’ (१८८२) होय.

पार्श्वभूमी
१८८१ मध्ये सुरत येथे विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती सौम्य करण्यात आली. या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर टीका झाली. बुलढाण्याच्या ताराबाईंनी त्याला उत्तर म्हणून हा निबंध लिहिला.

विवेचन
ताराबाईंचा मुद्दा सरळ आहे. स्त्रीच्या अंगी जे दुर्गुण म्हणून सांगितले जातात, ते पुरुषाच्या अंगी नाहीत काय? विधवेला गोड बोलून नादी लावणारा पुरुष समाजात उजळ माथ्याने वावरतो. गर्भाचे ओझे आणि बदनामी मात्र तिच्या वाट्याला येते. पुराणातील देवांनाही त्यांनी या जाबातून सूट दिली नाही. त्यामुळे सत्यशोधक वर्तुळातही नाराजी उमटली. १८८५ मध्ये महात्मा फुले यांनी ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्यांचा पक्ष घेतला. नंतर विस्मृतीत गेलेला हा निबंध स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा प्रकाशित केला.

त्याच दशकात हाली यांनी ‘मुनाजात-ए-बेवा’ लिहिली. तेथे विधवा ईश्वरापुढे आपले दुःख मांडते. वेदना खरी आहे, परंतु शब्द पुरुषाने दिलेले आहेत. हाली करुणा जागवतात; ताराबाई जाब विचारतात.

मर्यादा
या निबंधात स्त्री मुख्यतः फसवली गेलेली आहे. तिची स्वतःची इच्छा, तिचा स्वतःचा निर्णय यांना फारशी जागा नाही. हीच अडचण आजच्या कायद्यातही दिसते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ नुसार, पाळण्याचा हेतू नसताना लग्नाचे वचन देऊन शरीरसंबंध ठेवणाऱ्या पुरुषास दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुळातच खोटे वचन आणि पुढे न पाळले गेलेले वचन यांत सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात फरक केला होता. तो फरक विसरल्यास स्त्रीची संमती म्हणजे केवळ भोळेपणा ठरेल. आणि कलमच नाकारल्यास कपटी पुरुष पुन्हा मोकळा सुटेल.

पेडणे तालुक्यातील इब्रामपूर हे महाराष्ट्राच्या सीमेजवळचे गाव. सीमेच्या दोन्ही बाजूंस मराठी समजते, परंतु विवाहाचा कायदा वेगळा आहे. गोव्यात नोंदणी दोन टप्प्यांत होते. केवळ पहिल्या सहीने विवाह पूर्ण होत नाही. त्या सहीलाच लग्न मानून संसार मांडणाऱ्या मुलीला पुरुषाने सोडले, तर ती पत्नी ठरत नाही. वचन सरकारी कागदावर असूनही बदनामी मात्र तिचीच होते.

समारोप
ताराबाईंचा निबंध पुरुषद्वेषाचा नाही. तो एकाच कृत्याला दोन मापे लावण्याविरुद्धचा आहे. महाविद्यालयात तो शिकवताना मुलींना केवळ सावधगिरीचा उपदेश करणे पुरेसे नाही. दिलेल्या शब्दाची जबाबदारी काय असते, हा धडा मुलांनाही त्याच वर्गात मिळाला पाहिजे.