गोंगाट खोडून कार्डाचं उत्तर ऐकणारी मांडणी

तांत्रिक मानक वाचताना दाद द्यावीशी वाटावी, असं क्वचितच घडतं. आयएसओ/आयईसी १०३७३ च्या सहाव्या भागाने मला ती द्यायला लावली. संपर्करहित कार्डं आणि त्यांचे रीडर तपासायचे कसे, एवढाच त्याचा विषय. पहिली आवृत्ती २००१ ची.

मेट्रोच्या फाटकावर टेकवतो त्या कार्डात बॅटरी नसते. रीडरच्या १३.५६ मेगाहर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रातूनच ते वीज घेतं आणि त्याच क्षेत्रावरचा आपला भार कमीजास्त करून उत्तर देतं. रीडरची लहर दांडगी, कार्डाचं उत्तर मात्र जेमतेम काही मिलिव्होल्टचं. ते वेगळं काढायचं कसं?

मानकाची युक्ती बघा. मधोमध १५० मिलिमीटर व्यासाचा अँटेना. त्याच्या दोन्ही अंगांना सारख्याच अंतरावर दोन एकसारख्या कॉइल्स, पण उलटसुलट जोडलेल्या. दोघींत रीडरची लहर सारखीच उमटते आणि बेरजेत खोडली जाते. तागडीची दोन्ही पारडी समतोल झाल्यासारखीच. मग एका बाजूला कार्ड ठेवायचं. आता जे उरतं ते कार्डाचं बोलणं. दांडग्या लहरीला तिच्याच जुळ्या लहरीने गप्प करायची ही कल्पना मला फार देखणी वाटते.

क्षेत्र मोजणारी कॉइल तर त्याहून साधी. ७२ बाय ४२ मिलिमीटरचा तांब्याचा एकच वेढा. दर मीटरला एक ॲम्पिअर इतक्या क्षेत्रात ती ०.३२ व्होल्ट देते. हा आकडा वेढ्याचं क्षेत्रफळ आणि वारंवारता घेऊन कागदावर काढता येतो. कुणाच्या शब्दावर विसंबावं लागत नाही.

कार्डाचं उत्तर किमान किती मोठं हवं, हे जोडीच्या १४४४३-२ या मानकात आहे. २००१ च्या आवृत्तीतलं सूत्र असं: क्षेत्राच्या आकड्याचा १.२ वा घात घ्या आणि ३० ला त्याने भागा. क्षेत्र १.५ असताना साधारण १८ मिलिव्होल्ट, ७.५ असताना तीनहून कमी. क्षेत्र वाढलं की चिप जादा ऊर्जा जिरवून स्वतःला वाचवते, तेव्हा भार हलवायला तिला वाव कमी उरतो. सूत्राने तिची ही अडचण ओळखली आहे, आणि मला त्यात समंजसपणा दिसतो.

अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांना एक विनंती: तयार उपकरण हाती देण्याआधी तो तांब्याचा वेढा विद्यार्थ्यांना स्वतः बनवू द्या, आणि ०.३२ येतात का ते ऑसिलोस्कोपवर पाहू द्या.